आरोग्य विषमतेच्या बातम्या कशा तपासाव्यात? मेळघाट समोर ठेवून नवख्यांसाठी पद्धत

धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके, तिथली कोरकू वस्ती, पावसाळ्यातले बालमृत्यू, मंत्र्यांचे दौरे, उच्च न्यायालयाचे ताशेरे: १९९० च्या दशकापासून मेळघाटची बातमी याच क्रमाने येते आणि वाचकाला ती तोंडपाठ झाली आहे. या बातम्यांचा अभ्यास करायला बसलेला पत्रकारितेचा विद्यार्थी किंवा एखाद्या संस्थेतला नवा कार्यकर्ता मात्र लगेच अडकतो. कात्रणांचा ढीग जमतो, त्यातली निम्मी एकसारखी वाटतात आणि शेवटी 'माध्यमे या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहत नाहीत' असे एक वाक्य हाती लागते. ते वाक्य एकही कात्रण न जमवता लिहिता आले असते.

पुढची पद्धत दोन माणसांना, एका संगणकावर, साध्या एक्सेल तक्त्यात करता येते. एक बातमी नीट वाचून नोंदवायला दहा-बारा मिनिटे धरा. दोनशे बातम्या म्हणजे साधारण चाळीस तास. वेळ वाचवायचा असेल तर बातम्या कमी घ्या, रकाने गाळू नका.

आधी एक कसोटी

विषमता म्हणजे दोन गटांतला फरक. आदिवासी आणि बिगर-आदिवासी, धारणी आणि अमरावती शहर, गरीब घर आणि सधन घर. ज्या बातमीत एकाच गटाचा एकच आकडा आहे ती आजाराची, मृत्यूची किंवा योजनेची बातमी असेल, विषमतेची नाही. 'मेळघाटात चार महिन्यांत इतके बालमृत्यू' या मथळ्याखाली जिल्ह्याचा किंवा राज्याचा दर कुठेच नसेल, तर फरक किती आहे आणि तो वाढतोय की घटतोय हे वाचकाला कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येक बातमी हातात घेतली की आधी बघा: दुसरा आकडा आहे का? तक्त्याचा हा सर्वांत महत्त्वाचा रकाना. बहुतेक ओळींत तो रिकामा राहिला तर दचकू नका, तो रिकामेपणा हाच निष्कर्ष असतो.

पायरी १: एकच योजना, ठरलेला काळ

'आरोग्य धोरणाचे वार्तांकन' हा विषय घेऊ नका, तो कधीच संपत नाही. एक योजना धरा. उदाहरणार्थ, २०१५ साली सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार, आणि पुढच्या टप्प्यात सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी, असे तिचे स्वरूप. नवख्यासाठी ही योजना सोयीची आहे. लाभार्थी कोण, कुठे, काय द्यायचे हे सगळे शासन निर्णयात लिहिलेले आहे, त्यामुळे बातमीशी ताडून पाहता येते. शिवाय पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि अंमलबजावणी महिला व बालविकास विभागाची. आजारी मूल दवाखान्यात पोचले की तिसरा विभाग, सार्वजनिक आरोग्य, येतो. बिल थकले तर दोष कोणाचा, हे बातमीत कसे मांडले आहे यावरून वार्ताहराला योजना किती समजली आहे ते कळते.

काळ किमान पूर्ण बारा महिन्यांचा घ्या. फक्त जून ते सप्टेंबर घेतलात तर पावसाळ्यातल्या मृत्यूंचीच गर्दी मिळेल. फक्त डिसेंबर घेतलात तर नागपूर अधिवेशनातल्या लक्षवेधी आणि तारांकित प्रश्नांची. सप्टेंबरमध्ये पोषण माह असतो, तेव्हा रांगोळी, रॅली आणि पाककृती स्पर्धांच्या बातम्यांचा पूर येतो. त्यावरून 'कुपोषणावर भरपूर छापून येते' असा निष्कर्ष काढणारे प्रबंध सापडतात.

पायरी २: आधी सरकारी कागद, मग कात्रणे

उलट क्रमाने केले की कात्रणांत जे आले तेच घडले असे वाटू लागते. म्हणून आधी योजनेची स्वतंत्र कालरेषा तयार करा. त्यासाठी लागणारे कागद:

- शासन निर्णय. राज्य शासनाच्या जीआर संकेतस्थळावर विभाग आणि तारखेने शोधा. प्रत्येक जीआरला लांबलचक संगणक सांकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. तो सांकेतांक तक्त्यात उतरवून ठेवा. मूळ जीआरनंतर निघालेली शुद्धिपत्रके आणि दरवाढीचे जीआर नवखा माणूस हमखास चुकवतो.
- विधिमंडळातली प्रश्नोत्तरे.
- उच्च न्यायालयाचे लेखी आदेश. मेळघाटच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात १९९० च्या दशकापासून याचिका आहेत, त्यामुळे आदेशांची मोठी मालिका मिळते.
- कॅगचे अहवाल.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आणि नमुना नोंदणी प्रणाली (जन्म-मृत्यूचे दर काढणारी) यांचे अहवाल, प्रसिद्ध झाल्याच्या तारखेसह.

एखादा कागद मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मेळघाटातील कुपोषणाची संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहिले तर उत्तर येणार नाही, आले तर उपयोगाचे नसेल. 'धारणी प्रकल्पात अमुक आर्थिक वर्षात अमृत आहार योजनेचा महिनावार प्राप्त निधी व खर्च' असे विचारा.

कालरेषेत वीस-पंचवीस नोंदी झाल्या की थांबा. शेवटच्या टप्प्यात ही यादी पुन्हा लागणार आहे.

पायरी ३: बातम्या गोळा करणे

दैनिकांच्या अभ्यासात नमुन्यासाठी 'रचलेला आठवडा' घेण्याची रीत आहे: वर्षभरातला कुठलाही एक सोमवार, कुठलाही एक मंगळवार, असे सात वार चिठ्ठ्या टाकून निवडायचे. रोज छापून येणाऱ्या विषयाला ती ठीक आहे. आपला विषय विरळ आहे. असे दोन आठवडे काढले तरी हाती तीन-चार बातम्या लागतील. इथे शब्दशोधाने सापडतील त्या सगळ्या घ्या.

शोधताना मराठीचे नखरे सांभाळावे लागतात. 'बालमृत्यू' आणि 'बालमृत्यु', 'कुपोषण', 'कुपोषित', 'मेळघाट', 'धारणी', 'चिखलदरा', 'अमृत आहार', 'ग्राम बालविकास केंद्र' आणि 'व्हीसीडीसी', 'सॅम' आणि 'तीव्र कुपोषित', हे सगळे वेगवेगळे शोधा. जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये असतात, त्यांत देवनागरी शब्द शोधला तर शून्य उत्तर येते. ते शून्य खरे मानू नका, पाने डोळ्यांनी चाळावी लागतात.

आवृत्ती नोंदवणे ही दुसरी जागा. लोकमत, सकाळ, लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, पुढारी, देशोन्नती यांच्या जिल्हा आवृत्त्या आणि पुरवण्या वेगळ्या. अमरावतीच्या पानावर चार कॉलम लागलेली बातमी मुंबईच्या अंकात नसतेच. पण धोरण ठरवणारा सचिव वाचतो मुंबईचा अंक. तेव्हा 'दैनिक', 'आवृत्ती', 'पान' हे तीन रकाने वेगळे ठेवा आणि ई-पेपर व संकेतस्थळ यांची गल्लत करू नका. संकेतस्थळावरचा मथळा दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकतो, म्हणून सापडल्या क्षणी पीडीएफ करून तारीख-वेळेच्या नावाने साठवा.

पायरी ४: तक्त्याचे रकाने

एक बातमी, एक ओळ. रकाने वीसच्या आत ठेवा, त्यापुढे माणूस अंदाजपंचे भरू लागतो. तारीख, दैनिक, आवृत्ती, पान, मजकुराचे शब्द, प्रकार (बातमी, विशेष वृत्त, अग्रलेख, छायाचित्र) हे सरळ आहेत. खरे काम यांत आहे:

*निमित्त.* बातमी कशामुळे छापली गेली? मृत्यू, न्यायालय, अधिवेशन, मंत्र्यांचा दौरा, सरकारी घोषणा, अहवाल, आंदोलन, की वार्ताहराने स्वतः खणून काढली. बातमीत दोन निमित्ते असतील तर पहिल्या परिच्छेदातले धरा.

*श्रेयओळ (बायलाइन).* नाव, 'प्रतिनिधी', 'वार्ताहर' की वृत्तसेवा. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पगारी नसतो आणि त्याच्याकडून जाहिरातीही अपेक्षित असतात. स्थानिक पुढाऱ्याला दुखावणारी बातमी त्याच्या नावाने क्वचित का येते, हे या रकान्यातून पुढे दिसू लागते.

*पत्रकाशी साम्य.* जिल्हा माहिती कार्यालय आणि महासंवाद (राज्य शासनाचे बातम्यांचे संकेतस्थळ) यांवर आलेले त्याच दिवसाचे पत्रक उघडा आणि बातमीच्या शेजारी ठेवा. निम्म्याहून अधिक वाक्ये जशीच्या तशी असतील तर 'पत्रक' लिहा. 'सविस्तर चर्चा करण्यात आली', 'तातडीने कार्यवाही करण्याचे निर्देश दिले', 'लाभ घेण्याचे आवाहन केले' ही वाक्ये दिसली की पत्रक हमखास सापडते.

*कोण बोलते.* नाव किंवा पद देऊन ज्यांचे म्हणणे छापले त्यांची मोजदाद: मंत्री, अधिकारी, डॉक्टर, स्वयंसेवी संस्था, अंगणवाडी सेविका किंवा आशा, आई-वडील. पहिले कोण बोलले हेही वेगळे लिहा. आईचा फोटो आहे पण तिचे एकही वाक्य नाही, अशी ओळ वारंवार येईल. तिथे 'फोटो आहे, बोलणे नाही' अशी खूण ठरवून घ्या.

*न्यायालय: तोंडी की लेखी.* सुनावणीत न्यायमूर्तींनी काढलेला उद्गार दुसऱ्या दिवशी मथळा होतो. लेखी आदेश नंतर अपलोड होतो आणि त्यात अमुक तारखेपर्यंत अमुक पदे भरा, असे रूक्ष पण कामाचे मुद्दे असतात. दोन्हींसाठी एकच खूण वापरली तर तुमचा तक्ता ताशेऱ्यांनी भरेल आणि आदेशांचे पुढे काय झाले ते हरवेल.

तक्त्यात बालकांची किंवा पालकांची नावे उतरवू नका, बातमीत छापली असली तरी. 'नाव छापले: होय/नाही' एवढी नोंद पुरे.

पायरी ५: कारण कोणाच्या माथी मारले आहे

हा रकाना सर्वांत जास्त वाद निर्माण करतो, म्हणून खुणा आधी लिहून काढा. चार पुरतात.

क. कुटुंब आणि चालीरीती: कमी वयात लग्न, दवाखान्याऐवजी भूमकाकडे (गावातल्या वैदूकडे) जाणे, पोटावर डंबा देणे (तापलेल्या लोखंडाने डागणे), 'अंधश्रद्धा', 'अज्ञान'.
ख. आजार: न्यूमोनिया, कमी वजनाचा जन्म, जंतुसंसर्ग, सिकलसेल.
ग. यंत्रणा: रिक्त पदे, बंद रुग्णवाहिका, रखडलेले मानधन, आहाराचा थकलेला निधी, कुलूपबंद उपकेंद्र.
घ. जगण्याची परिस्थिती: रोजगार हमीची रखडलेली मजुरी, दिवाळीनंतरचे स्थलांतर, जमीन, जंगलाचे हक्क, रस्ता नसणे.

एका बातमीत अनेक खुणा चालतील, पण मथळ्यातली आणि मजकुरातली वेगळी नोंदवा. मजकुरात डॉक्टरचे पद रिक्त असल्याचा उल्लेख सातव्या परिच्छेदात आणि मथळ्यात 'अंधश्रद्धेचा बळी', असे झाले तर दोन्ही रकाने मिळूनच ते दिसते. डंब्याची बातमी खोटी असते असे नाही. पण ज्या गावातून सर्वांत जवळचा डॉक्टर पावसाळ्यात चार तासांवर आहे तिथे लोक भूमकाकडे का जातात, हा प्रश्न बातमीत आहे की नाही ते पाहायचे. असेल तर क आणि ग दोन्ही; नसेल तर फक्त क.

अमेरिकी संशोधक शांतो अय्यंगार यांनी दूरचित्रवाणीच्या बातम्यांवर केलेल्या प्रयोगांत गरिबीच्या बाबतीत असे आढळले होते की, एकेका माणसाच्या कहाणीतून प्रश्न मांडला की प्रेक्षक दोष त्या माणसावरच ढकलतात, आणि व्यापक परिस्थिती मांडली की समाजाकडे, सरकारकडे बोट दाखवतात. म्हणून 'एका घराची कहाणी की व्यापक चित्र' हाही होय/नाहीचा रकाना ठेवा. हृदयद्रावक बातमी चांगलीच असते हा समज इथे जरा बाजूला ठेवावा लागतो.

राजकीय वादाची वेगळी खूण करा. सप्टेंबर २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात तत्कालीन आदिवासी विकासमंत्र्यांच्या भेटीच्या वेळी त्यांच्या तोंडी आलेल्या उद्गारावरून गदारोळ झाला. अशा वेळी बातम्यांची संख्या एकदम उसळते आणि योजनेविषयीचा मजकूर त्यात बुडतो. मोजताना अशा बातम्या गाळू नका, पण आलेखात वेगळ्या रंगाने दाखवा.

पायरी ६: आकडे तपासणे

इथे वेळ द्या. बातमीतला आकडा बरोबर छापलेला असूनही बातमी चुकीची असू शकते, आणि तसे होण्याचे ठरलेले मार्ग आहेत.

*वयोगट.* अर्भकमृत्यू म्हणजे एक वर्षाच्या आतले, नवजात मृत्यू म्हणजे पहिल्या २८ दिवसांतले, बालमृत्यू दर म्हणजे पाच वर्षांच्या आतले. अंगणवाडीची नोंद सहा वर्षांपर्यंतची. बातमीत सगळ्यांना 'बालमृत्यू' म्हणतात, कधी त्यात उपजत मृत्यूही मिसळलेले असतात. दोन वर्षांची तुलना करणाऱ्या बातमीत दोन्ही वर्षांना एकच वयोगट आहे का, ते आधी पाहा.

*छेद (भागाकारातला खालचा आकडा, इथे जन्मांची संख्या).* समजा, एका तालुक्यात एका वर्षी ४,००० जिवंत जन्म झाले आणि १६० अर्भके दगावली. दर हजारी ४०. पुढच्या वर्षी जन्म ३,२०० आणि मृत्यू १४४. अधिकारी सांगतात, मृत्यू १६ ने घटले. बातमी तशीच लागते. दर मात्र हजारी ४५ झाला. जन्म कमी नोंदले जाण्याचे एक कारण स्थलांतर असू शकते: दिवाळीनंतर गाव सोडून गेलेल्या कुटुंबांतले काही जन्म आणि काही मृत्यू तालुक्याच्या वहीत येतच नाहीत. 'छेद दिला आहे का' हा होय/नाहीचा रकाना करा.

*सरासरीचा आडोसा.* अनुसूचित जमातींमधला अर्भकमृत्यू दर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४४.४ होता, २०१९-२१ च्या पाहणीत ४१.६ झाला. घटला, हे खरे, आणि सरकारी उत्तरांत ते तसे येतेही. याच काळात सगळ्या देशाचा दर ४०.७ वरून ३५.२ वर आला. म्हणजे आदिवासींचा दर २.८ ने उतरला आणि देशाचा ५.५ ने. दोन्हींतले अंतर ३.७ होते ते ६.४ झाले. 'आदिवासी अर्भकमृत्यूत घट' आणि 'आदिवासी अर्भके आणखी मागे' हे दोन्ही मथळे एकाच अहवालातून, एकही आकडा न बदलता निघतात. पहिला मथळा धोरणाच्या यशाचा आहे, दुसरा विषमतेचा. सुरुवातीला सांगितलेला 'दुसरा आकडा' रकाना यासाठीच आहे.

फरक मोजण्याचे दोन मार्ग आहेत, वजाबाकी आणि भागाकार, आणि ते उलट दिशेला जाऊ शकतात. एका गटाचा दर ६० वरून ४५ आणि दुसऱ्याचा ३० वरून २० झाला, तर वजाबाकीने अंतर ३० वरून २५ झाले, म्हणजे घटले; भागाकाराने दुप्पट होते ते सव्वादोनपट झाले, म्हणजे वाढले. बातमीने कुठला मार्ग घेतला ते लिहा, आणि तुमच्या अहवालात दोन्ही द्या.

*कोणती नोंदवही.* पोषण ट्रॅकरवरची टक्केवारी ही अंगणवाडीत वजन-उंची घेतलेल्या मुलांची असते. कुटुंब पाहणी घरोघरी निवडलेल्या नमुन्याची असते. अंगणवाडीत न पोचलेले मूल पहिल्या नोंदीत नसते. दोन्हींतले आकडे शेजारी ठेवून 'कुपोषण निम्म्यावर' म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर तोललेले वजन वजा करणे.

*कधीचा आकडा.* महाराष्ट्रात पाचव्या कुटुंब पाहणीचे घरोघरचे काम २०१९ च्या उत्तरार्धात झाले आणि राज्याची तथ्यपत्रिका डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांखालील खुरट्या (वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या) मुलांचे प्रमाण आधीच्या पाहणीतल्या ३४.४ वरून ३५.२ टक्के, तीव्र रोडावलेल्यांचे (उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेल्यांचे) ९.४ वरून १०.९ टक्के. अहवाल कोविडच्या वर्षात आला म्हणून हे कोविडचे परिणाम समजण्याचा मोह होतो. मोजमाप मात्र कोविड यायच्या आधीचे. बातमीत पाहणीचा काळ दिला आहे का, हे जरूर नोंदवा.

*निकष.* दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. 'कमी वजनाचे' मूल हा वेगळा निकष आहे, तो वयाच्या तुलनेत वजनाचा. बातमीत हे सगळे 'कुपोषित' होतात आणि आकडा हवा तसा फुगतो किंवा आटतो. आरोग्य केंद्रांचेही तसेच: सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० ला; उपकेंद्र ५,००० आणि ३,००० ला. मेळघाटच्या बातमीत ३०,००० चा निकष लावून 'केंद्रे पुरेशी' असे छापले असेल तर ती चूक पकडा.

पायरी ७: पैशाचा रकाना

'कोटींचा निधी' या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपतात: अर्थसंकल्पातली तरतूद, प्रत्यक्ष वितरित झालेला निधी, आणि खर्च. बातमीत यातले काय आहे ते लिहा. तरतुदीची बातमी मार्चमध्ये पहिल्या पानावर येते. वितरण अडले, अंगणवाडीने किराणा उधारीवर आणला, ही बातमी आली तर आतल्या पानावर येते. राज्याच्या बीम्स प्रणालीवर विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो, त्यावरून पडताळा.

पायरी ८: दोघांनी तपासणे

एकट्याने भरलेला तक्ता म्हणजे एकट्याचे मत. एकूण बातम्यांपैकी दहा ते वीस टक्के दोघांनी, एकमेकांना न विचारता भरा आणि ताडून पाहा. नुसती जुळणीची टक्केवारी फसवते, कारण होय-नाहीच्या रकान्यात योगायोगानेही बरेच जुळते. त्यासाठी कोहेन यांचा कॅपा काढतात, म्हणजे योगायोगाची जुळणी वजा करून उरलेल्या जुळणीचा आकडा.

४० बातम्या घ्या, रकाना 'यंत्रणेला दोष: होय/नाही'. दोघांचेही 'होय' २४, दोघांचेही 'नाही' १०, पहिल्याचे 'होय' पण दुसऱ्याचे 'नाही' ४, उलट २. जुळणी ३४, म्हणजे ०.८५. आता योगायोग: पहिल्याने एकूण २८ वेळा 'होय' म्हटले (०.७०), दुसऱ्याने २६ वेळा (०.६५). ०.७० गुणिले ०.६५ अधिक ०.३० गुणिले ०.३५, म्हणजे ०.५६. कॅपा म्हणजे (०.८५ वजा ०.५६) भागिले (१ वजा ०.५६), साधारण ०.६६. ८५ टक्के जुळले म्हणून खूश झालेल्या जोडीला हा आकडा जमिनीवर आणतो. ०.७ च्या खाली असेल तर न जुळलेल्या सहा बातम्या समोर ठेवून भांडा, खुणेची व्याख्या पक्की करा, आणि नव्या चाळीस बातम्यांवर पुन्हा करा. जुन्याच चाळीसवर पुन्हा केले तर आठवणीने जुळते.

पायरी ९: न आलेल्या बातम्या

कात्रणे मोजणारा अभ्यास मुळातच लंगडा असतो: छापले त्याचेच मोजमाप होते. आता दुसऱ्या पायरीतली वीस-पंचवीस नोंदींची कालरेषा काढा. प्रत्येक सरकारी घटनेपुढे लिहा: सात दिवसांत बातमी आली का, कुठल्या आवृत्तीत, कुठल्या पानावर. शुद्धिपत्रक, दरबदल, पदभरतीचा आदेश, लेखी न्यायालयीन निर्देश, कॅगचा परिच्छेद. बहुतेक ठिकाणी 'नाही' येईल. मग उलट दिशेने: योजनेच्या घोषणेची बातमी आली, तर सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी तिच्या पाठपुराव्याची आली का?

बातमी न येण्याला वार्ताहराचा आळस हे एकमेव कारण धरू नका. कागद कधी आणि कसा बाहेर आला ते पाहा. ब्रिटनमध्ये सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीचा आरोग्य विषमतेवरचा अहवाल १९८० साली ऑगस्टअखेरच्या जोडसुट्टीच्या तोंडावर, टंकलिखित २६० प्रतींत काढण्यात आला आणि त्यातल्या शिफारशी परवडणाऱ्या नाहीत असे मंत्र्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले. सात वर्षांनी त्याच विषयावरच्या दुसऱ्या अहवालाची पत्रकार परिषद ऐन वेळी रद्द करण्यात आली. तेव्हा उलटेच झाले: दडपादडपी हीच बातमी झाली आणि अहवाल सगळीकडे पोचला. आपल्याकडे कॅगचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवले जातात, जेव्हा वार्ताहर अधिवेशनाचे सूप वाजल्याची बातमी लिहीत असतात. म्हणून कालरेषेत तीन जादा रकाने ठेवा: कोणत्या वारी प्रसिद्ध झाले, सुट्टी किंवा अधिवेशन-समाप्ती लागून होती का, आणि त्याच दिवशी दुसरी कोणती मोठी बातमी होती.

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. पण धोरणाच्या वार्तांकनाविषयी काही नवे सांगण्याची शक्यता इथेच सर्वाधिक असते.

पायरी १०: लिहिताना

एकूण तीसपेक्षा कमी बातम्या असलेल्या गटाची टक्केवारी काढू नका, 'अकरापैकी सात' असे लिहा. बातम्या वाढल्या म्हणजे मृत्यू वाढले असे लिहू नका. निमित्ताचा रकाना पाहून वाढ कशामुळे झाली ते सांगा. वाचकांवर काय परिणाम झाला हे तुमच्या तक्त्यात नाही, त्यासाठी वाचकांशी बोलावे लागेल. दैनिकांना क्रमांक लावण्याचाही मोह आवरा. एकाचा जिल्हा आवृत्तीचा संग्रह मिळाला आणि दुसऱ्याचा नाही, एवढ्यावरूनही क्रम उलटतो. खुणांच्या व्याख्या, शोधलेले शब्द, आवृत्त्यांची यादी आणि कॅपाचे आकडे परिशिष्टात द्या, म्हणजे पुढचा माणूस तेच काम नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यासाठी किंवा गडचिरोलीच्या भामरागडसाठी पहिल्यापासून न मांडता करू शकेल.